७७ वरून ६९ : एका कोरचा आवाज शोधताना

ट्रान्सफॉर्मरच्या आवाजाची चाचणी चालू होती, आणि मीटरवर ७७ हा आकडा दिसला तेव्हा रात्रीचे दोन वाजून गेले होते. करारात हमी दिली होती ७० डेसिबलची. सात डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतात, पण ध्वनिशक्तीच्या हिशेबात ती पाचपट होते. मी माइकची जागा तपासली, मीटरचं कॅलिब्रेशन पुन्हा करून घेतलं, टाकीभोवती दुसरी फेरी मारली. आकडा तोच.

आवाजाची चाचणी आम्ही रात्रीच घेतो. दिवसा क्रेन, ग्राइंडर, कॉम्प्रेसर यांच्या गोंगाटात मोजण्यासारखं काही उरतच नाही. यंत्र सुरू असताना आणि बंद असताना मिळालेल्या आकड्यांत फक्त तीन डेसिबलचा फरक असेल, तर यंत्राचा आवाज आणि आजूबाजूचा आवाज सारखेच आहेत असा त्याचा अर्थ होतो, आणि अशा मोजमापावर कोणी सही करत नाही. म्हणून सगळं बंद, पंखे बंद, दुय्यम बाजू उघडी आणि प्राथमिक बाजूला पूर्ण व्होल्टेज. माइक टाकीपासून ३० सेंटीमीटरवर, दोन बिंदूंत एक मीटरपेक्षा जास्त अंतर नाही. टाकी अडीच मीटरपेक्षा उंच होती, त्यामुळे एक फेरी एक तृतीयांश उंचीवर आणि दुसरी दोन तृतीयांश उंचीवर. हे सगळं आयईसी ६००७६-१० या मानकात लिहिलेलं आहे आणि आम्ही ते अक्षरशः पाळलं होतं. म्हणजे चूक मोजण्यात नव्हती, निदान तेव्हा मला तसं वाटलं.

पुढचे पाच आठवडे मी त्या एका यंत्रामागे होते. तेव्हा शिकलेलं इथे सविस्तर लिहिते आहे, कारण हे काम करणाऱ्यांकडे त्याची आकडेमोड सापडते, पण ते प्रत्यक्षात कसं घडतं हे फारसं लिहिलेलं सापडत नाही.

ट्रान्सफॉर्मर का गुणगुणतो हे आधी सांगते. जेम्स ज्यूल यांनी १८४२ मध्ये पाहिलं की लोखंडाचा दांडा चुंबकित केला की त्याची लांबी किंचित बदलते. आमच्या कोरमधला, म्हणजे ज्यावर कॉइल बसतात त्या लोखंडी गाभ्यातला, पत्रा सिलिकॉन-स्टीलचा, साधारण तीन टक्के सिलिकॉन, जाडी ०.२७ मिलिमीटर. चुंबकीय प्रवाह पूर्ण भरात असताना त्याच्या लांबीत मीटरमागे एक मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी फरक पडतो. माणसाचा केस याच्या पन्नासपट तरी जाड असतो. पण असे हजारो पत्रे एकत्र बांधलेले, कित्येक टन वजनाचे, आणि ते सगळे एकाच तालात हलणार. प्रवाह कुठल्या दिशेचा आहे याची पत्र्याला पर्वा नसते. पुरवठ्याच्या दोन्ही अर्ध्या फेऱ्यांत तो सारखाच बदलतो. म्हणून ५० हर्ट्झचा पुरवठा असेल तर आवाज १०० हर्ट्झचा. आणि हा बदल प्रवाहाच्या अगदी सरळ प्रमाणात होत नसल्यामुळे त्याच्या मागोमाग २००, ३००, ४०० हर्ट्झ अशी सगळी रांग येते.

या रांगेकडे लक्ष देणं फार महत्त्वाचं. मीटर 'ए' वेटिंगने मोजतो, म्हणजे माणसाच्या कानासारखं ऐकतो. १०० हर्ट्झच्या आवाजातून तो जवळपास १९ डेसिबल वजा करतो, २०० हर्ट्झमधून ११, ३०० मधून ७ आणि ४०० मधून ५ च्या आतबाहेर. याचा परिणाम असा की ज्या १०० हर्ट्झच्या घूंऽऽ आवाजाने छातीत कंप जाणवतो, तो कागदावरच्या आकड्यात जवळजवळ दिसतच नाही. हमीचा आकडा ठरतो तो वरच्या सुरांवर. पहिल्या रात्री मी नुसता एकूण आकडा लिहून घेतला आणि घरी गेले. स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या सुरात किती आवाज आहे हे दाखवणारा आलेख, उघडून पाहिला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तेव्हा खुर्चीतून उठलेच.

आलेखात १००, २००, ३०० च्या उभ्या रेषा होत्याच, पण त्यांच्या मधोमध ५०, १५०, २५० च्याही होत्या. निरोगी कोरमध्ये या रेषा यायला नकोत. दोन्ही अर्ध्या फेऱ्या सारख्या असतील तर फक्त १०० च्याच पटी येतात. मधल्या रेषा याचा अर्थ एक अर्धी फेरी दुसरीपेक्षा जास्त ताणली जाते आहे, कोरमध्ये एका दिशेचं चुंबकत्व साचून राहिलं आहे. चाचण्यांची नोंदवही काढली. आदल्या दुपारी वाइंडिंगचा, म्हणजे कॉइलच्या तारेचा, रोध मोजला होता, डीसी प्रवाह सोडून. त्यानंतर कोर डीमॅग्नेटाइझ न करताच, म्हणजे साचलेलं चुंबकत्व न काढताच, यंत्र आवाजाच्या चाचणीला आणलं होतं. चाचण्यांचा क्रम मीच लावला होता.

त्या रात्री व्होल्टेज नेहमीपेक्षा थोडं वर नेलं आणि तिथून अगदी सावकाश शून्यावर आणलं. असं दोनदा केलं. मधल्या रेषा गेल्या. मीटरवर ७५ आलं. दोन डेसिबल काहीही न उघडता मिळाले. तेव्हापासून आमच्या चाचणीच्या तक्त्यात आवाज नेहमी रोधाच्या आधी असतो, आणि ते जमत नसेल तर मध्ये डीमॅग्नेटाइझ केल्याची सही लागते.

पण उरलेले पाच डेसिबल होते, आणि ते मी चुकीच्या जागी शोधायला सुरुवात केली.

आवाज टाकीतून बाहेर पडतो, म्हणून टाकीच धरली. कोर तेलात बुडालेला असतो. तेलात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १४०० मीटर, म्हणजे १०० हर्ट्झची तरंगलांबी झाली १४ मीटर. टाकी त्याहून कितीतरी लहान. तेव्हा कोर हलला की तेल त्याचा धक्का जवळपास तसाच्या तसा भिंतीपर्यंत पोचवतं. भिंत म्हणजे मोठे सपाट पत्रे, मध्ये मध्ये उभ्या पट्ट्या. एखाद्या तबल्याचं पान ताणावं तसा प्रत्येक चौकोन आपापल्या सुरात वाजतो. मी रबरी टोकाची हातोडी आणि कंपन मोजणारा ॲक्सेलरोमीटर घेऊन चार दिवस टाकीभोवती फिरले, एकेक चौकोन ठोकून त्याचा सूर लिहून घेतला. दोन चौकोन ३०० हर्ट्झच्या अगदी जवळ निघाले. त्यांवर वजनं लावली, आडव्या पट्ट्या वेल्ड केल्या, पोकळ पट्ट्यांत कोरडी वाळू भरली. वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि कंपनाची ऊर्जा तिथल्या तिथे मुरते. हा उपाय जुना आहे आणि चांगला आहे.

मिळाला एक डेसिबल. ते दोन चौकोन गप्प झाले आणि शेजारचे दोन बोलायला लागले.

तेव्हा आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारलं, "फ्रीक्वेन्सी हलवून पाहिलीस का गं?" मला ते सुचलंच नव्हतं. आमच्या चाचणीला पुरवठा मोटर-जनरेटर जोडीवरून येतो, त्यामुळे वेग बदलून फ्रीक्वेन्सी थोडी खालीवर करता येते. व्होल्टेजही त्याच प्रमाणात बदललं की कोरमधली चुंबकीय प्रवाहघनता तीच राहते. म्हणजे पत्र्याचं आकुंचन-प्रसरण तेवढंच, फक्त ताल वेगळा. आवाज खरोखर पत्र्याच्या ताकदीमुळे मोठा असेल तर एक-दीड हर्ट्झने फारसं काही बदलणार नाही. पण कुठेतरी अनुनाद असेल, एखादा भाग नेमका त्याच सुराला लागलेला असेल, तर तो लगेच उघडा पडेल.

५० वरून आम्ही ४८.५ वर आलो आणि आकडा ७४ वरून ७१ वर घसरला. मी तो क्षण विसरणार नाही. ३०० हर्ट्झची रेषा जणू कोणी कापून टाकली होती. टाकीचे चौकोन तर मी आधीच त्या सुरापासून दूर नेले होते. म्हणजे वाजत होता तो कोर स्वतः. लिंब (कॉइल घातलेले उभे खांब) आणि योक (त्यांना वर-खाली जोडणारे आडवे भाग) यांची ती चौकट कुठल्यातरी वाकण्याच्या तऱ्हेत ३०० हर्ट्झला सुरात आलेली होती. गणितात तिचा नैसर्गिक सूर ३४० च्या आसपास यायला हवा होता. तो खाली का उतरला? चौकट गणितात धरली होती तेवढी ताठ नव्हती, हे एकच उत्तर शक्य होतं.

यंत्र उघडायचं ठरलं. हा निर्णय कुणालाच आवडत नाही. तेल काढायचं, कव्हर सोडायचं, कोर-कॉइल क्रेनने बाहेर घ्यायचं, आणि हवेतली ओल आत शिरण्याआधी, घड्याळ लावून, काम उरकायचं. नंतर पुन्हा वाळवण, पुन्हा तेल, पुन्हा सगळ्या चाचण्या. मी विनंतीपत्रात स्पेक्ट्रमचे दोन आलेख शेजारी शेजारी लावले, ५० आणि ४८.५ चे. त्यावर फार चर्चा झाली नाही.

कोर बाहेर आल्यावर पहिलं जे दिसलं त्याचा मी विचारही केला नव्हता. कोरच्या पायाखाली कंपनरोधक रबरी गाद्या असतात, कोरचं हलणं टाकीच्या तळाला थेट कळू नये म्हणून. गाद्या बरोबर होत्या. पण वाहतुकीत कोर सरकू नये म्हणून तळाला जी जागा धरणारी पिन असते, ती एका बाजूला फ्रेमच्या भोकात लोखंडाला लोखंड लागून बसली होती. खुणा स्पष्ट होत्या, रंग घासून चकचकीत झालेला. गादी कितीही चांगली असो, तिच्या शेजारून एक कडक पूल बांधलेला असेल तर कंपन त्या पुलावरून जाणार. पिनेभोवती इन्सुलेशनची जाड बुशी असायला हवी होती. ती बसवली.

खरं काम मात्र वरच्या योकमध्ये होतं.

ज्यांनी कोर बांधताना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. कोर आडवा ठेवून पत्र्यांवर पत्रे रचून पूर्ण बांधतात, मग उभा करतात. पण कॉइल लिंबांवर घालायच्या तर वरचा योक उघडावा लागतो. म्हणून तो पुन्हा पत्रा पत्रा करून काढायचा, कॉइल उतरवायच्या, आणि योक पुन्हा भरायचा, या वेळी उभ्या कोरवर, शिडीवर उभं राहून, दोन-दोन पत्रे हाताने सरकवत. कोपऱ्यात योकचा पत्रा आणि लिंबाचा पत्रा ४५ अंशांत कापलेले असतात आणि तिथे त्यांना जितकं जवळ आणता येईल तितकं आणायचं. आमच्या कोरला स्टेप-लॅप जोड होता: प्रत्येक थरातला जोड आधीच्या थरापेक्षा थोडा पुढे सरकलेला, पाच पायऱ्या झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. यामुळे एका पत्र्यातल्या फटीपाशी आलेला प्रवाह शेजारच्या अनेक पत्र्यांत थोडा थोडा वाटला जातो. जुन्या पद्धतीत जोड दोनच जागी आलटून पालटून येत. तिथे फटीच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर सगळा भार पडे, ते संपृक्त होत, आणि प्रवाह थरातून थरात उडी मारताना पत्रे एकमेकांना आडवे खेचत. ते खेचणं म्हणजे वरच्या सुरांचा कारखानाच. स्टेप-लॅप आल्यावर केवळ जोडामुळे कित्येक डेसिबल कमी झाले ते यामुळे.

पण स्टेप-लॅपचा फायदा पायऱ्या पायरीसारख्या राहिल्या तरच. मी टॉर्च आणि फट मोजायचं फीलर गेज घेऊन चारही कडांनी पाहिलं. मधल्या लिंबापाशी फटी एक-दीड मिलिमीटरच्या होत्या, उत्तम. उजव्या कोपऱ्यात काही गठ्ठ्यांत त्या तीन-चार मिलिमीटरपर्यंत गेल्या होत्या, आणि दोन जागी पायऱ्यांचा क्रमच एका घराने चुकला होता. भरताना एखादा पत्रा अडला की माणूस तो हलकेच ठोकतो, त्याने शेजारचा सरकतो, आणि मग पुढचे पन्नास पत्रे त्याच्या मागे जातात.

योक भरणाऱ्या मिस्त्रींना मी बोलावलं. वीस वर्षं हेच काम केलेला माणूस. त्यांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, "मॅडम, हे पुन्हा काढू."

मग क्लॅम्पचे बोल्ट तपासले, आणि इथे आमचा थोडा वाद झाला. योकच्या दोन्ही बाजूंना लोखंडी फ्रेम असतात आणि त्यांना एकमेकींकडे ओढणारे बोल्ट व काचतंतूंचे पट्टे. फ्रेम आणि पत्रा यांच्यामध्ये प्रेसबोर्ड, म्हणजे इन्सुलेशनचा जाड पुठ्ठा, असतो. वाळवणीच्या वेळी प्रेसबोर्डमधली ओल जाते, तो आक्रसतो, आणि जो दाब आधी दिलेला असतो तो उतरतो. म्हणून वाळवल्यावर पुन्हा आवळतात. आमच्या यंत्रात ते आवळणं घाईत झालं होतं. मधले बोल्ट हाताने फिरतील इतके सैल निघाले आणि टोकाचे इतके घट्ट की पाना लावल्यावर लांब पाइप घालावा लागला. टोकाचे आवळायला सोपे, तिथे हात पोचतो. मधल्यांपुढे कॉइलच्या लीड, म्हणजे कॉइलमधून बाहेर आलेल्या तारा, येतात.

मिस्त्रींचं म्हणणं, टोकाचे घट्ट असणं काही वाईट नाही. जितकं आवळाल तितकं गप्प. सैल पत्रा वाजतो हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं होतं आणि ते खरंच आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. या पत्र्याचे स्फटिक लाटण्याच्या दिशेने ओळीत लावलेले असतात. नॉर्मन गॉस यांनी १९३० च्या दशकात हे तंत्र दिलं. पत्र्याच्या पृष्ठभागावर जो काचेसारखा लेप असतो तो केवळ इन्सुलेशन नाही. तो उच्च तापमानात बसवलेला असतो आणि थंड होताना पोलादापेक्षा कमी आक्रसतो, त्यामुळे पत्रा कायम थोड्या ओढीत राहतो. ओढलेल्या पत्र्याची लांबी चुंबकत्वाने फार थोडी बदलते. त्याच पत्र्याला लाटण्याच्या दिशेने दाबलं, तर तो बदल काही पटींनी वाढतो. आता एखादा पत्रा कडेला किंचित लहरी असेल आणि त्याला जबरदस्तीने सपाट केलं, तर लहरीच्या एका अंगाला ताण आणि दुसऱ्या अंगाला दाब येणारच. जास्त आवळलेल्या टोकांना नेमकं तेच झालं होतं. सैल मध्यामुळे चौकट मऊ पडली आणि सूर ३०० वर उतरला, तर आवळलेल्या टोकांनी त्या सुराला इंधन पुरवलं.

मी हे बोलून पटवू शकले नसते. उरलेल्या पत्र्यांतून एक लहरी आणि एक सपाट असे दोन तुकडे आणले आणि टेबलाच्या सपाट ठोकळ्याखाली दोन्ही दाबून दाखवले. लहरी तुकडा दाब काढताच टचकन उसळला. मिस्त्री बराच वेळ तो तुकडा हातात वाकवून पाहत होते. मग त्यांनीच सुचवलं की भरताना प्रत्येक गठ्ठा सपाट टेबलावर ठेवून आधी पाहायचा आणि कडेला लहर असलेले पत्रे बाजूला काढायचे. ते माझ्या डोक्यात नव्हतं.

योक पुन्हा भरायला दोन पाळ्या गेल्या. कातरकाम करताना पत्र्याच्या कडेला उठलेली बर बोटाने जाणवली तर तो पत्रा बाद. प्रत्येक पायरी पट्टीने तपासली. बोल्ट टॉर्क पान्याने आवळले, मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे, तीन टप्प्यांत. मधल्या बोल्टसाठी लीडच्या मागून जाईल असा वाकडा पाना आम्ही मुद्दाम करून घेतला. लिंबांच्या आणि खालच्या योकच्या कडांवर कोर बांधतानाच इपॉक्सी लावलेलं होतं, पत्र्यांच्या कडा एकमेकांना धरून राहाव्यात म्हणून. वरच्या योकला ते राहून गेलं होतं. ते ब्रशने लावलं. वाळवल्यानंतर घड्याळाकडे न पाहता सगळे बोल्ट पुन्हा तपासले. बहुतेकांनी पाव फेरी घेतली.

मला एका गोष्टीची रुखरुख अजून आहे. पिन, जोड, दाब, इपॉक्सी, हे सगळं एकाच वेळी केलं. कोणत्या उपायाने किती मिळालं हे वेगळं सांगता येत नाही. यंत्र चारदा उघडण्याची सोय नव्हती, पण शिकण्याच्या दृष्टीने ती संधी गेली.

पुन्हा रात्र, पुन्हा ३० सेंटीमीटर. या वेळी आधी डीमॅग्नेटाइझ केलं, स्पेक्ट्रम पहिल्या मिनिटापासून उघडा ठेवला. मिस्त्री पाळी संपूनही थांबले होते. व्होल्टेज चढत गेलं आणि नेहमीचा १०० हर्ट्झचा घुमारा आला, जमिनीतून तळपायांना कळणारा. तो तसाच होता, आणि मिस्त्रींचा चेहरा उतरला. कानाला फरक मोठा वाटत नव्हता. मी त्यांना आलेख दाखवला. ३०० ची रेषा दहा डेसिबलने खाली आली होती, ४०० ची जवळपास सहाने. फ्रीक्वेन्सी ४८.५ वर नेली तर आकडा जेमतेम अर्ध्या डेसिबलने हलला. चौकट आता त्या सुरात नव्हती. दोन्ही उंचीच्या फेऱ्या संपल्या, सरासरी काढली. ६९.

२०० हर्ट्झची रेषा मात्र जवळपास जिथल्या तिथे राहिली, फक्त दोन डेसिबल कमी. ती कोरच्या बांधणीतून नव्हे, प्रवाहघनतेतून येते असा माझा कयास आहे. हा कोर १.७ टेस्लावर चालतो. त्यावर उपाय चाचणीच्या जागी नसतो, तो कागदावर, कॉइलच्या फेऱ्यांची संख्या आणि कोरचा छेद ठरवतानाच करावा लागतो. प्रवाहघनता १.७ वरून १.५ वर आणली तर आवाज नक्की उतरतो, पण लोखंड वाढतं, तांबं वाढतं, टाकी वाढते, आणि ते वजन कोणीतरी वाहायचं असतं. ग्राहकाने आवाजाचा आकडा सुरुवातीलाच स्पष्ट मागितला तर हा हिशेब करता येतो. यंत्र उभं राहिल्यावर मागितला तर वाळू आणि ध्वनिरोधक पॅनेल एवढंच हातात राहतं. आणि १०० हर्ट्झची तरंगलांबी हवेत साडेतीन मीटरच्या आसपास असते. पातळ पॅनेल तिला थोपवू शकत नाही.

पुढच्या यंत्राचा कोर आता कापायला गेला आहे. जोड सात पायऱ्यांचा, प्रवाहघनता १.६, वरच्या योकच्या फ्रेमला मध्यावर एक जास्तीचा पट्टा, आणि लीड अशा वळवल्या आहेत की मधल्या बोल्टवर सरळ पाना बसेल. वाकडा पाना मिस्त्रींच्या पेटीत आहे.